पक्की इमारत शिवारात कुठं शोधायची?

मा. संपादक महोदय,

कालच्या अंकातली विजांपासून बचावाची चौकट वाचली. पहिल्या ओळीत ‘मोबाइल बंद ठेवा’ आणि चौथ्या ओळीत ‘दामिनी ॲप पाहत राहा’. बंद मोबाइलवर ॲप कसं पाहायचं, तेवढं उद्याच्या अंकात छापावं ही विनंती. मोबाइल वीज ओढून घेत नाही. घरात वायरचा फोन असेल तर तो मात्र उचलू नये. विजेचा इशारा देणारं पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी चांगलं आहे, मीही वापरतो. शिवारात रेंज असली तर.

‘पक्क्या इमारतीत आसरा घ्या’ हे त्याहून सोपं! आमच्या रानापासून पक्की इमारत म्हणजे शाळा, अडीच किलोमीटर. वाटेत एसटीचा थांबा आहे, तीन बाजूंनी उघडा आणि वर पत्रा. तो पावसापासूनही वाचवत नाही, विजेचं तर सोडाच.

काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी सोयाबीनची काढणी चालू होती. आभाळ पश्चिमेला गडगडत होतं, पण पावसाचा थेंब नव्हता, म्हणून कुणी हललं नाही. चमकल्यावर आवाज यायला लागतात त्या सेकंदांना तीननं भागलं की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. सेकंदांचा आकडा तीसच्या आत आला की रान सोडायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या चौकटीतही नाही.

बनीम, म्हणजे काढलेल्या सोयाबीनचा ढीग, ताडपत्रीनं झाकून सगळे चिंचेखाली पळाले. लोखंड वीज ओढतं म्हणून विळे लांब फेकले आणि उभे राहिले रानातल्या सगळ्यात उंच झाडाखाली! मी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला; अशा माणसावर वीज पडते असा समज. ‘तू इथं थांबू नकोस, तुझ्यापायी आम्ही मरू,’ म्हणून मला हाकललं. मी चरफडत लांब सोयाबीनच्या धसकटात उकिडवा बसलो, पाय जुळवून, कानांवर हात ठेवून. वीज चिंचेवर पडली. खाली बांधलेले दोन्ही बैल जागीच गेले. जमिनीतून करंट पसरतो आणि जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून त्याला झटका मोठा बसतो. आडवं झोपू नये ते याचसाठी. उकिडवं बसणंही काही खात्रीचं नाही, दुसरं काहीच जवळ नसेल तेव्हाचं ते. पत्र्याच्या टपाची बंद जीप किंवा एसटी दिसली तर आधी तिच्यात शिरावं.

मजुरी करणारी एक बाई बेशुद्ध पडली होती. ‘अंगात करंट आहे, शिवू नका!’ असा ओरडा सुरू झाला. कुणी शेण आणायला पळालं. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, पण हात लावायला कुणी तयार नाही. शेवटी कॉलेजातल्या एका पोरानं पुढं होऊन छाती दाबायला सुरुवात केली. बाई वाचल्या, एका कानानं आजही कमी ऐकू येतं.

आपल्या चौकटीत याची एक ओळ नाही. जागा कमी पडली म्हणावं, तर शेजारीच विजेचा अर्धा पानभर फोटो आहे, तोही कुठल्या तरी परदेशी शहराचा.

गेल्या महिन्यात रोहित्राबद्दलचं माझं पत्र आपण निम्मं कापून छापलंत, त्यात तक्रारच गेली आणि ‘आपला नम्र’ तेवढं राहिलं. याही वेळी कात्री चालवायचीच असेल तर माझं पायाळूपण कापा, छाती दाबल्याचं ठेवा.

– एक शेतकरी वाचक, ता. औसा, जि. लातूर