फुटाला एक सूत जास्त

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, कर्नाटक सरकार, बेंगळुरू

साहेब, सा. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितोय, रागावू नका. कन्नड मला चांगलं बोलता येतं, शाळेत शिकलोही. पण लिहायला बसलो की ओत्तक्षरात, म्हणजे कन्नड जोडाक्षरात, हमखास गोंधळ होतो. शिवाय हा विषय बेळगावच्या फौंड्रीतला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातला आहे. तिथं एका वाक्यात मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही येतात आणि कुणाचं अडत नाही.

गेल्या महिन्यात पुण्याचा माझा मावसभाऊ दोन मित्रांना घेऊन आला. तिघेही गाडीवेडे. पुणेकरांचं बरं असतं, आकुर्डी-पिंपरीकडं बोट केलं की स्कूटर, टेम्पो, ट्रक सगळं आलं. रात्री जेवताना भावानं विचारलं, "तुमच्या बेळगावात गाड्यांचं काय आहे रे?" मी तोंडातला कुंदा गिळला आणि म्हणालो, "उद्या दाखवतो." मग झोप कसली येते? बॉनेटवर, टाकीवर आमच्या गावाचं नाव कुठंच नसतं. आमच्याकडं होतात ते भाग इंजिनाच्या पोटात, तेलात बुडालेले.

सकाळी सहाजण निघालो, आम्ही तिघं आणि ते तिघं. आमच्यातल्या एकाकडं येझदी रोडकिंग ही जुनी मोटारसायकल आहे, म्हैसूरच्या यादवगिरीतल्या कारखान्याची. 1961 पासून तिथून आधी जावा आणि मग येझदी बाहेर पडायच्या. 1996 ला कुलूप लागलं. किक मारायचा दांडा तोच पुढं ढकलला की गिअरचा होतो, हे पाहून पुण्याच्या दोघांनी आळीपाळीनं तो दहा वेळा पुढं-मागं केला. अगदी लहान पोरांसारखं.

पहिला मुक्काम किर्लोस्कर रोड. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 साली आपल्याच जिल्ह्यात, गुर्लहोसूरला जन्मले. पुढं मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. तिथून ते सायकली पाठवायचे आणि इथं त्यांचे थोरले भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. नुसत्या विकून भागत नव्हतं, कारण घेणाऱ्याला चालवता कुठं यायची? म्हणून ते शिकवायचेही. 1888 मध्ये इथं सुरू झालेल्या त्या सायकलच्या दुकानातून पुढं कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला. मग नगरपालिकेला ती जागा शहर वाढवायला हवी झाली, आणि 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

हे सगळं मी रस्त्यात उभा राहून सांगत होतो. पाहुण्यानं साधा प्रश्न केला, "दुकान नेमकं कुठं होतं?" आम्ही तिथल्या तीन वयस्कर माणसांना विचारलं. तिघांनी तीन जागा दाखवल्या, आणि तिघंही ठाम. समोर कपड्यांची दुकानं, मोबाइलची कव्हरं. आम्हाला दिसलं ते फक्त रस्त्याचं नाव. ते नाव आहे म्हणून बरं, नाहीतर पाहुण्यांना मी थापा मारतोय असंच वाटलं असतं.

तिथून बोगारवेस, गोगटे सर्कल करत खानापूर रोडनं उद्यमबागला, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत. तिसऱ्या गेटच्या पुलाच्या चढावर येझदीनं मान टाकली. प्लग काळा पडला होता. रस्त्याकडेला बसून तो सँडपेपरनं घासला. त्यात अर्धा तास गेला, पण बघायला जमलेल्यांतून दोन मिस्त्री निघाले. त्यातल्या एकाच्या ओळखीनं आम्हाला पुढं एका जुन्या फौंड्रीत शिरता आलं. त्याआधी एका मोठ्या कारखान्याच्या गेटवर आम्हाला "परमिशन लेटर?" एवढंच विचारून परत फिरवलं होतं. वॉचमनचाही दोष नाही म्हणा. गाड्यांचं वेड असलेले सहाजण सुट्टीच्या दिवशी कारखाना बघायला येतात, हे त्याच्या रजिस्टरमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं?

सुट्टी असल्यानं भट्टी थंड होती. जमिनीवर काळ्या वाळूचे ढीग, वर पत्र्यातून येणारा उन्हाचा कवडसा. मागच्या खोलीत माळ्यावर लाकडी पॅटर्न रचून ठेवलेले. ओतायचा भाग आधी लाकडात हुबेहूब करायचा, तो वाळूत दाबून काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं, एवढंच तत्त्व. पण ते सागवानी काम बघितलंत तर हात लावायला संकोच वाटेल. कुठं ट्रॅक्टरच्या भागाचं कवच, कुठं पंपाचं गोगलगाईसारखं कवच, कुठं फ्लायव्हील. खडूनं घातलेले नंबर अजून पुसट दिसत होते.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीमामांनी खिशातून एक फूटपट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. "आता तुमची लावा शेजारी." भावाकडं टेप होता. लावला, तर मामांचा फूट एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लांब! पुणेकर म्हणाले, पट्टी चुकीची आहे. मामा हसले. बीड थंड होताना आक्रसतं, फुटाला साधारण एक सूत. म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टी मुद्दाम तेवढी लांब असते. त्यानं खोट्या मापानं करायचं, तेव्हा ओतलेला माल खऱ्या मापाचा येतो. बेळगावात तीस वर्षं राहून मला हे ठाऊक नव्हतं. इंजिनातल्या क्रँकशाफ्टवर काम करणारे शेजारी आहेत, मेहुणा मशीन शॉपमध्ये आहे, तरीही.

"बाकीचे पॅटर्न कुठं गेले?" मी विचारलं. मामा म्हणाले, "बंबात." आता पॅटर्न कॉम्प्युटरवर निघतात, धातूचे होतात, आणि जुनं सागवान पावसाळ्यात आंघोळीचं पाणी तापवायला छान जळतं. मालकाला तरी काय बोलणार? माळा त्याचा, भाडं त्याचं, आणि गिऱ्हाईकानं तो भाग घेणं कधीच थांबवलेलं.

साहेब, माझं मागणं एवढ्यासाठीच आहे. बेंगळुरूत कस्तुरबा रोडला विश्वेश्वरय्यांच्या नावाचं म्युझियम आहे, म्हैसूरला 1979 पासून रेल्वेचं आहे. आम्हाला तेवढं मोठं नको. खरं तर मोठं काही ठरलं की आधी कमानच बांधली जाते, म्हणून नकोच. उद्यमबागेत एक शेड द्या. पन्नासेक पॅटर्न, एखादा पट्ट्यावर चालणारा जुना लेथ, एक छोटी भट्टी, आणि महिन्यातून एक दिवस प्रत्यक्ष ओतकाम. वितळलेलं बीड साच्यात जाताना एकदा पाहिलेलं पोर ते विसरत नाही. मिस्त्रीमामांसारख्यांना मानधन देऊन बसवा आणि ते बोलतात तसंच, मिसळीच्या भाषेत, रेकॉर्ड करून ठेवा. आणि किर्लोस्कर रोडवर एक फलक लावा, कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हींत. कुठली भाषा वर यावरून इथं वाद होईल, हे मी लिहून देतो. तो झाला तरी फलक लावा. पण आधी दुकानाची नेमकी जागा शोधायला कुणाला तरी जुन्या कागदांत बसवा, नाहीतर तो चौथ्याच ठिकाणी लागेल.

घाई का, तर इंजिनाचेच दिवस आता मोजके राहिलेत असं सगळे म्हणतात. विजेच्या गाडीला क्रँकशाफ्ट लागत नाही. फौंड्रीवाले दुसरं काही ओततील, ते हुशार आहेत. पॅटर्न मात्र आपली वाट बघत थांबणार नाहीत; मामांच्या माळ्यावर आता दोनच रांगा उरल्यात, आणि पावसाळा दरवर्षी ठरलेलाच आहे.

हिवाळी अधिवेशनाला आपण इथल्या सुवर्ण सौधमध्ये, विधिमंडळाच्या इमारतीत, असताच. त्यातली एक सकाळ काढा. अगदी सकाळी या, दहानंतर खानापूर रोडला गाडी सरकत नाही. मोठ्या ताफ्यापेक्षा साधी गाडी बरी; उद्यमबागेतल्या आतल्या बोळात मोठी वळत नाही. मामांना मी सांगून ठेवलंय. पट्टी ते देणार नाहीत, पण दाखवतील.

कळावे,
आपला,
एक बेळगावकर