धावफलक पूर्ण छापा, मला पेटीवर लावायचा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत संगणकाची कॅबिनेट आवडत्या संघाच्या रंगात कशी सजवावी, यावर लेख होता. चार फोटो, आणि चारही आयपीएलचे. मी यवतमाळात बावीस वर्षं संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक त्या पेटीला 'सीपीयू' म्हणतं आणि तो शब्द दुरुस्त करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. लेख चांगला होता, पण माझ्या दुकानात २०१८ पासून विदर्भ रणजी संघाची कॅबिनेट चालू आहे. तिच्यामुळे तुमच्याकडे एक मागणं मागायचं आहे.

१ जानेवारी २०१८ ला इंदूरच्या होळकर मैदानावर वसीम जाफरने चौकार मारला आणि विदर्भ पहिल्यांदा रणजी जिंकला. १९५७-५८ पासून खेळणारा संघ, आणि करंडक एकदाही नाही! त्या आठवड्यात मी रेडियमवाल्याकडे गेलो. तो गाड्यांच्या नंबरप्लेट करतो, प्लॉटरवर काहीही कापून देतो. म्हटलं, आपल्या टीमचा स्टिकर दे. त्याने विचारलं, "मुंबईचा देऊ का चेन्नईचा?" म्हटलं, विदर्भाचा. तो म्हणाला, "विदर्भाची बी टीम हाये का भाऊ?"

स्टिकर नाही, टोपी नाही, किचेनही नाही. बरं, रंग तरी कोणता द्यायचा? रणजी पांढऱ्या कपड्यांत खेळतात. रात्रभर विचार केला आणि ठरवलं, पेटी पांढरी करायची आणि वरून चेंडूची लाल शिवण घालायची.

दुकानात एक जुनी पिवळट पडलेली कॅबिनेट होती, फ्लॉपीची खाच असलेली. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, प्रायमर मारला, पांढऱ्या स्प्रेचे तीन पातळ हात दिले. मदरबोर्ड बसतो त्या स्क्रूंच्या जागी रंग लागू नये म्हणून आधी चिकटपट्टी लावली, कारण तिथे अर्थिंग मिळावं लागतं. इथवर सगळं शहाण्या माणसासारखं झालं. मग मशीन जोडून चालू केली, आणि शिवण राहिलीच आहे हे तेव्हा आठवलं. पुन्हा सगळं उघडायचा कंटाळा आला. बोर्ड आतच ठेवून वरच्या पत्र्याला दोन मिलिमीटरची ऐंशी भोकं पाडली. बुटांना टाके घालणाऱ्या काकांकडून मेणाचा दोरा आणला, लाल रंगवला, ओवला. झकास दिसत होतं. बटण दाबलं तर एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचा, पंखा अर्धा गरका घेऊन थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धा गरका. पत्र्याचा कीस बोर्डावर सांडून शॉर्ट झालं होतं. हीच चूक एखादं पोरगं करून आलं असतं तर मी त्याला पंधरा मिनिटं ऐकवलं असतं. ब्रशने साफ केलं, बोर्ड वाचला, रॅमचा एक स्लॉट गेला तो गेलाच.

रेडियमवाल्याकडून शेवटी 'विदर्भ' ही अक्षरं लाल पट्टीवर कापून घेतली आणि पट्टी समोर लावली, अगदी जाळीवर. एप्रिल उजाडला. कूलर लावूनही दुकान भट्टीसारखं, आणि मशीन वीस मिनिटांनी बंद पडू लागली. समोरचा १२० मिलिमीटरचा पंखा जाळीतून हवा ओढतो, आणि तिथेच मी पट्टी मारलेली. दुसऱ्यांच्या मशीनमधली धूळ काढून पोट भरणारा मी, आणि घरच्या मशीनचं नाक दाबून बसलो होतो. ब्लेडने अक्षरांमधली सगळी जागा कापून काढली तेव्हा ती श्वास घेऊ लागली. तुमच्या लेखातल्या एका फोटोतही समोरची जाळी पूर्ण झाकलेली दिसते. मे महिन्यात त्या मुलाचे हाल विचारा.

आता उजव्या बाजूच्या पत्र्याबद्दल. तिथे ३१ डिसेंबर २०१७ च्या तुमच्याच अंकातला, त्याच इंदूरच्या अंतिम सामन्यातल्या दिल्लीच्या पहिल्या डावाचा धावफलक आहे. ध्रुव शोरी १४५, दिल्ली सर्वबाद २९५, रजनीश गुरबानी ५९ धावांत ६ बळी. त्यात तीनदा 'त्रि. गो. गुरबानी' (त्रिफळा, गोलंदाज गुरबानी) असं लागोपाठच्या चेंडूंचं आहे: विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि स्वतः शोरी. पहिले दोन एका षटकाच्या अखेरीला, तिसरा त्याच्या पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी एकदाच हॅट्‌ट्रिक झाली होती, १९७२-७३ मध्ये. गुरबानी शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती, नंतर तीही सिव्हिललाच गेली. कारण हेच असं मी म्हणतो, ती नाही म्हणते.

ते कात्रण लावतानाही फजिती झालीच. थेट लॅकर मारला तर कागद तेलकट होऊन पारदर्शक झाला आणि मागच्या पानावरची साड्यांच्या सेलची जाहिरात शोरीच्या १४५ मधून उलटी दिसू लागली. दुसऱ्या अंकासाठी शेजारच्या सलूनची रद्दी धुंडाळली. या वेळी पाणी घातलेलं फेविकॉल दोन्ही बाजूंनी लावून वाळू दिलं, मग चिकटवून लॅकर दिला. अजून तसंच आहे. गिऱ्हाईक विंडोज टाकून होईपर्यंत तो धावफलक वाचतं. एक निवृत्त मास्तर तर काम नसतानाही येतात. कर्नाटकविरुद्धची ती पाच धावांनी जिंकलेली उपांत्य लढत का लावली नाही, हा त्यांचा दर वेळचा आक्षेप.

डावी बाजू मी मोकळी ठेवली होती. दुसऱ्या करंडकाला, २०१९ साली, दुकान हलवण्याच्या गडबडीत अंक हातचा गेला. २०२४ ला वानखेडेवर मुंबईकडून १६९ धावांनी हरलो, ते काही पेटीवर लावणार नाही. २०२५ ला मात्र मी तयार होतो. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या पहिल्या दिवशी पहाटेच्या एसटीने नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर गेलो. आपले ३ बाद २४ झाल्यावर शेजारचा माणूस डबा उघडून बसला, म्हणाला, आता जेवून घेऊ. दानिश मालेवार दिवसअखेर १३८ वर नाबाद होता. पुढे त्याचे १५३ झाले, करुण नायरने दुसऱ्या डावात १३५ केल्या, आणि सामना अनिर्णित राहून पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा आला. हर्ष दुबेचे मोसमात ६९ बळी झाले, रणजीतला विक्रम.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंक घेतला. करंडकासह मोठा फोटो, खाली अभिनंदनाच्या पाऊण पान जाहिराती, आणि धावफलक म्हणून एवढंच: विदर्भ ३७९ व ९ बाद ३७५, केरळ ३४२. सामना चालू असतानाचे चारही अंक पाहिले, तिथेही संक्षिप्तच. त्याच पानावर एका सराव शिबिराची बातमी तीन कॉलम होती.

मोबाइलवर सगळं मिळतं, ठाऊक आहे. मुलीने छापूनही दिलं, इंग्रजीत. पण त्यात झेलाचं 'झे.' नाही, 'त्रि. गो.' नाही, आणि मागच्या बाजूला साड्यांचा सेलही नाही. मागणं एवढंच: रणजीत निदान विदर्भाच्या सामन्यांचा धावफलक पूर्ण छापा. दोन कॉलम रुंदी पुरते, मी पट्टीने मोजून पाहिलं आहे. जागा कमी पडली तर राशिभविष्य थोडं आवरा, असं सौ. समोर नसताना सुचवतो.

केरळच्या त्या डावात ७९ धावा आमच्याच नागपूरच्या आदित्य सरवटेच्या आहेत. २०१९ च्या अंतिम सामन्यात आपल्यासाठी ११ बळी घेणारा तोच, या वेळी समोरून खेळत होता. त्याला कोणी बाद केलं आणि झेल कोणाचा, हे तुमच्या कात्रणात वाचायचं होतं. डावी बाजू तशीच पांढरी आहे.

आपला,
संगणक दुरुस्तीवाला एक वाचक, यवतमाळ