तारीख विचारून देणाऱ्या साहेबांस

आदरणीय न्यायाधीश साहेब,

आपण गेल्याचे आईने मला फोनवर कळवले, तेव्हा तिने आपले नाव घेतले नाही. ‘ज्यांनी मला दिवस विचारला होता, ते साहेब गेले,’ एवढेच ती म्हणाली. तेव्हापासून हे पत्र लिहायला मी कितीदा बसले आणि उठले. आपण हयात असताना ते लिहायला हवे होते, ही खंत आता कायमची राहणार आहे.

वकील मंडळींनी घेतलेल्या शोकसभेत मी मागच्या रांगेत उभी होते. बहुतेक वक्त्यांनी आपल्याला रामशास्त्र्यांची उपमा दिली आणि ती खोटी नव्हती. परंतु राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्र्यांसमोर प्रत्यक्ष सत्ता उभी होती. आपल्यासमोर त्या दिवशी उभी होती ती माझी आई, आणि तिची भीड बाळगण्याचे कोणालाही कारण नव्हते.

तिने तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगीचा अर्ज केला तो २००३ साली. मी तेव्हा सात वर्षांची होते. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, अशी दुरुस्ती २००१ सालीच कायद्यात झाली होती. आमच्या वाट्याला मात्र तीन वर्षे नुसत्या तारखा आल्या. सकाळच्या एकमेव एसटीने यायचे, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात बसायचे आणि वडील आले नाहीत म्हणून पुढची तारीख घेऊन परतायचे. ती तारीख समजून घेण्यासाठीसुद्धा कुणाच्या तरी हातावर दहा रुपये ठेवावे लागत. गावात मजुरीचा आठवड्याचा हिशेब मंगळवारी, बाजाराच्या दिवशी होई. त्याच दिवशी तारीख पडली की मजुरीही हुके आणि बाजारही. आपल्याआधी त्या खुर्चीवर बसलेल्यांपुढे प्रकरणांचा ढीग होता, हे मला आज कळते. पण त्यांनी आईकडे एकदाही मान वर करून पाहिले नाही, हे मी अजून विसरलेले नाही आणि ते विसरावे असे मला वाटतही नाही.

२००६ साली आपण बदलून आलात. पहिल्याच सुनावणीत पुढची तारीख रोजनाम्यात लिहिण्यापूर्वी आपण थांबलात आणि विचारलेत, ‘बाई, तुम्हाला कोणता दिवस सोयीचा पडेल?’ आईने आधी मागे वळून पाहिले, कारण हा प्रश्न दुसऱ्या कुणाला असावा असेच तिला वाटले. आपण तो पुन्हा विचारलात. मग ती कशीबशी म्हणाली, ‘मंगळवार सोडून कोणताही.’ मंगळवार का नको, हेही आपण ऐकून घेतलेत, कागदाच्या एका तुकड्यावर स्वतःच्या हाताने तारीख आणि ‘बुधवार’ लिहिलेत आणि शिपायाकरवी तो तिच्या हाती दिलात.

पुढे आपण पोटगी मंजूर केलीत. त्या पैशावर माझी शाळा झाली आणि आज मी एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. त्या आदेशाचे ऋण मोठेच आहे, तरीही आई निकालाचा दिवस सांगत नाही. ती सांगते तो बुधवारच्या चिठ्ठीचा दिवस. नवऱ्याने टाकल्यापासून तिच्या सोयीची चौकशी करणारे ते पहिलेच माणूस होते. रुग्णालयात एखादी बाई पुढच्या तपासणीला येते, तेव्हा तिचा बाजार कधी असतो, हे मी आधी विचारते. चांगुलपणा असा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, हे मी आपल्यामुळे शिकले.

आपली पुढे अन्यत्र बदली झाली, पण निवृत्तीनंतर आपण आमच्याच तालुक्यात घर केलेत आणि प्रकृतीने साथ दिली तोवर लोक अदालतीच्या पॅनेलवर बसत राहिलात. शोकसभेनंतर आपल्या न्यायालयातले एक जुने शिपाई भेटले. त्यांनी सांगितले, की आपल्या टेबलावरच्या काचेखाली एक कागद असे आणि त्यावर तालुक्यातल्या कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी, ते लिहिलेले असे. आमच्या गावचे नाव त्यात सर्वांत वर होते, असे ते म्हणाले. पहिला वार आपण आईला विचारून लिहिला असावा, असे मी धरून चालले आहे. ते खरे की खोटे, हे आता आपल्याला विचारता येणार नाही.

ती चिठ्ठी आईच्या पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाच्या घडीत अजून आहे. निळी शाई पुसट झाली आहे. आईला वाचता येत नाही, पण ती चिठ्ठी ती कधी उलटी धरत नाही.

आपली कृतज्ञ,
एका अर्जदार बाईची मुलगी