वाकटीच्या ग्रेडचं रजिस्टर

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय बंड्या,

परवा फोनवर मी तुमच्या मासळी कंपनीचं वाकटीच्या (रिबनफिशच्या) ग्रेडचं रजिस्टर अभ्यासासाठी मागितलं आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय. तू म्हणालास की कॉलेजवाल्यांना कंपनीचे आकडे दिले की ते पेपर छापून मोकळे होतात आणि उद्या एखादा बायर तोच पेपर पुढे करून भाव पाडतो. तुझी भीती खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. पण तू वेरावळला रोज जे बघतोस ना, ते माझ्या विद्यार्थ्यांना वर्षभर बंदरावर पट्टी घेऊन उभं केलं तरी मिळायचं नाही.

आम्ही काय करतो, बंदरावर जाऊन थोड्याशा बोटींची मासळी मोजतो, लांबी-वजन लिहितो आणि त्यावरून अंदाज बांधतो. तुमच्या कंपनीत मात्र वाकटीचा प्रत्येक लॉट टेबलावर वजनाप्रमाणे वेगळा होतो, शंभर ते दोनशे ग्रॅम, दोनशे ते तीनशे, त्याच्या वरची, माकुलाचंही (स्क्विडचंही) तसंच, आणि पेमेंट त्यावरच असल्यामुळे ते सगळं नीट लिहिलेलंही असतं, वर्षानुवर्षांचं. अरे, हा मासळीच्या साइजचा इतिहास आहे! मोठ्या ग्रेडचा वाटा दरवर्षी घटत असेल तर मोठी मासळी संपत चालल्याची पहिली खूण तुमच्याच रजिस्टरमध्ये दिसणार. अर्थात नुसत्या ग्रेडवरून काही ठरवता येत नाही, बोट लांब गेली किंवा जाळं बदललं तरी साइज बदलतो, म्हणून बोट कुठे गेली होती आणि जाळ्याचा आस, म्हणजे भोक, केवढा होता हे बोटीवरच्या तांडेलांकडून कळायलाच हवं.

कंपन्या आणि शास्त्रज्ञांनी असं एकत्र येणं बाहेरच्या देशांत सुरू झालंय. २०१५ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी दाखवलं की जगातल्या समुद्री मासेमारीतला ११ ते १६ टक्के माल फक्त १३ कंपन्यांच्या हातात आहे. पेपर छापून ते थांबले नाहीत, त्यांनी या कंपन्यांच्या प्रमुखांनाच बोलावलं, २०१६ मध्ये मालदीवला बैठक झाली आणि त्यातून सीबॉस हा कंपन्या आणि शास्त्रज्ञांचा गट उभा राहिला. जपानच्या मारुहा निचिरो आणि निस्सुई, थाई युनियन, नॉर्वेची मोवी, एरवी एकमेकांचे स्पर्धक, पण एका टेबलाला बसले. मला यात सगळ्यात पटतं ते हे की शास्त्रज्ञांसमोर कंपन्यांचे प्रमुख स्वतः आले. खालच्या कुणाला पाठवलं की तो हो हो म्हणून येतो आणि खरेदी होती तशीच चालू राहते.

ते मोठ्यांचं झालं म्हणशील, तर केरळातलं बघ. कोल्लमजवळच्या अष्टमुडीत तिसऱ्यांसारख्या शिंपल्या कमी व्हायला लागल्या होत्या. सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या समुद्री मासळी संशोधन संस्थेच्या अभ्यासावरून जाळीचा आस ठरला, डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी आली आणि किलोला १४०० नगांपेक्षा बारीक मांस एक्सपोर्ट करायचं नाही असं ठरलं. २०१४ मध्ये त्या शिंपल्यांना समुद्र जपून मासेमारी केल्याचं एमएससीचं (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं) सर्टिफिकेट मिळालं, भारतातलं पहिलं. शास्त्रज्ञांनी नुसता साइज सांगितला असता तर कोण ऐकणार होतं, पण बारीक माल विकलाच जाणार नाही म्हटल्यावर तो काढायचा कशाला?

आणि तुझ्या दारातलीच गोष्ट, व्हेल शार्कची. २००१ मध्ये कायद्याने मारायला बंदी आली, पण नुसत्या कायद्याने भागलं नाही. २००४ पासून टाटा केमिकल्सचा पैसा, वाइल्डलाइफ ट्रस्टची माणसं, वनखातं आणि कथाकार मोरारी बापू असे सगळे एकत्र आले, लेक बाळंतपणाला माहेरी आलीय असं बापूंनी सांगितलं आणि जे खारवा कोळी तिला मारायचे तेच जाळी कापून तिला सोडायला लागले, कापलेल्या जाळ्याची भरपाईही मिळायला लागली. ती भरपाई मला फार महत्त्वाची वाटते, कारण जाळं हजारोंचं असतं आणि समुद्र वाचवायचा खर्च एकट्या गरीब माणसावर टाकणं मला तरी पटत नाही.

टाटा केमिकल्सचं मिठापूर ओखामंडळात, आणि ओखामंडळ राजेशाहीच्या काळात आपल्या बडोदे संस्थानात! तिथल्या समुद्री जीवांवर जेम्स हॉर्नेलने बडोदे सरकारसाठी केलेला रिपोर्ट १९०९ आणि १९१६ अशा दोन भागांत निघाला. समुद्र बडोद्यापासून लांब असूनही सयाजीराव महाराजांच्या सरकारने शास्त्रज्ञाला कामाला लावलं होतं, मग आपण का नको?

आता मुद्द्याचं. कंपनीचं आणि बोटींचं नाव कुठेही येणार नाही, हे लेखी देतो. छापायच्या आधी तुम्हाला दाखवू, चूक असेल तर सांगा, पण निकाल आवडला नाही म्हणून थांबवता येणार नाही, एवढं तुझ्या साहेबांना आधीच स्पष्ट सांग, नाहीतर त्या कामाला काही अर्थच राहणार नाही. भाव, बायर काही नको, तारीख, ग्रेड आणि किलो, बस. सुरुवातीला फक्त वाकटीचं दे, जेवढी वर्षं सापडतील तेवढी, कागदावर असेल तरी चालेल, टाइप करायला मुलं आहेत.

साहेबांशी बोललास की फोन कर, भेटायला मी वेरावळला येतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या