हाडात काय भरले, ते कार्डावर लिहा

महोदय,

अंगणात घसरून आईचे गुडघ्याखालचे हाड खचले. प्लेट बसवून आतली पोकळी कृत्रिम दाण्यांनी भरली. बिलावर मात्र नुसतेच ‘बोन ग्राफ्ट, १० सीसी’. पदार्थ कोणता, हे काउंटरवर कुणालाच सांगता येईना. अखेर फाइलमध्ये चिकटवलेला स्टिकर सापडला: बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट.

हा तपशील किरकोळ नाही, कारण असे दाणे वेगवेगळ्या पदार्थांचे असतात. कॅल्शियम सल्फेट, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचेच शुद्ध रूप, काही आठवड्यांत विरघळू लागते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटला कित्येक महिने लागतात, हळूहळू त्या जागी स्वतःचे हाड येते. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट तर वर्षानुवर्षे तसेच राहते. उद्या एक्स-रेत पांढरे दाणे दिसले, तर दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी काय समजायचे?

पोकळी भरायला रुग्णाच्याच कमरेचे थोडे हाड काढून घेण्याचाही पर्याय असतो; ती वेगळी जखम आईला टळली, याचे समाधान आहेच. पण स्वतःचे हाड की कृत्रिम दाणे, हे दोन्ही पर्याय शस्त्रक्रियेआधी समजावून सांगायला हवे होते.

गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्राने २०१७ मध्ये मर्यादा घातली. हाडात भरायच्या पदार्थांचे निदान नाव, बॅच क्रमांक आणि किंमत डिस्चार्ज कार्डावर लिहिणे आरोग्य खात्याने सक्तीचे करावे.

– एक वाचक, सातारा