संयुक्त खातं उघडून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात दोघीजणी तुमच्या टेबलापाशी संयुक्त बचत खात्यासाठी आल्या होत्या. समलिंगी जोडप्यांची कागदपत्रं जुळवून द्यायचं काम आम्ही काहीजण करतो, त्यांची फाईलही आम्हीच लावली होती. त्यांना विचारूनच हे जाहीर पत्र लिहितोय. नावं कुणाचीच घेत नाही, तुमचंही नाही. उगाच वरून विचारणा नको.

फाईल पक्की होती. आधार, पॅन, फोटो आणि दोघींच्या नावाचा नोंदणीकृत भाडेकरार. हा करार आम्ही मुद्दाम करायला लावतो, कारण आधारवर एकीचा पत्ता लातूरचा आणि दुसरीचा सांगलीचा असला की 'एकत्र राहता कशावरून?' हे पहिल्या पाच मिनिटांत येतंच. शिवाय केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २८ ऑगस्ट २०२४ च्या खुलाशाची प्रत जोडली होती. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क काही दिला नाही, पण रोजच्या अडचणी सोडवायला समिती नेमायचं सरकारचं आश्वासन नोंदवून घेतलं. हा खुलासा त्या निकालाचाच हवाला देऊन काढलेला: क्वीअर व्यक्तींना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी नेमायला कसलीही आडकाठी नाही.

एवढं असून आधीच्या बँकेत काय ऐकायला मिळालं? 'लग्नाचा दाखला आणा.' संयुक्त खात्याला तो कधीपासून लागायला लागला? दोन मैत्रिणी, काका-पुतण्या, कुणीही उघडतं. मग 'सिस्टीम घेत नाही.' आणि शेवटी अगदी मायेने, 'मावसबहिणी लिहा ना, काम होऊन जाईल.'

हा मायेचा सल्ला सगळ्यात महागात पडतो. उद्या एकीचं बरंवाईट झालं की माहेरची माणसं दावा लावतात, आणि ही आमची मावसबहीण नव्हेच हे दाखवायला त्यांना एक दुपार पुरते. जिच्या सोयीसाठी खोटं लिहिलं तिच्याच अंगावर तो कागद उलटतो. ही झाली पुढची गोष्ट. आजची गोष्ट अशी की घरमालकाला चुलतबहीण, दवाखान्यात वहिनी, ऑफिसात रूममेट, असं कुणाला काय सांगितलंय ते लक्षात ठेवण्यातच निम्मा जीव खर्ची पडतो. आपण एकमेकींच्या कोण, हे मोठ्याने म्हणायची सवयच मग लागत नाही.

तुम्ही नात्याच्या यादीत 'इतर' निवडलंत. पुढच्या रकान्यात 'जोडीदार' टाइप केलंत आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवून विचारलंत, "बरोबर आहे ना? का वेगळं काही लिहू?" पिनकोड विचारला होतात त्याच आवाजात. मागे रांग होती, पेन्शनवाले आजोबा खोकत होते, आणि तुम्ही ना आवाज खाली आणलात ना इकडेतिकडे बघितलंत. बाहेर आल्यावर त्या दोघी व्याजदर-बिजदर सगळं विसरल्या होत्या. स्क्रीन वळवल्याचं तेवढं पुन्हा पुन्हा सांगत होत्या. (आपण 'इतर'मध्ये मोडतो याचा काहींना राग येईल. आम्हाला सध्या चालतं.)

आणखी एक. संयुक्त खात्यात 'दोघींपैकी कुणीही किंवा हयात असेल ती' ही सोय घेतली की एकीच्या मागे पैसे दुसरीला मिळतात, तिथला नॉमिनी दोघी गेल्यावरच कामी येतो, हे तुम्ही न विचारता सांगितलंत. पगाराच्या स्वतंत्र खात्यांत आणि ठेवींत एकमेकींचं नाव घालायचं तिथेच सुचवलंत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणून साध्या कागदावर का होईना, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी मृत्युपत्र करा, हेही. आम्ही कार्यशाळा घेऊन जे सांगतो ते तुम्ही जेवणाच्या सुट्टीआधी सांगून मोकळ्या झालात! खुलासे दिल्लीहून निघतात हो, पण खातं शेवटी टेबलावरचं माणूस उघडतं. तुमच्यासारखी माणसं शाखाशाखांतून असतील, आम्हाला भेटत नाहीत इतकंच.

मनापासून आभार. आणि एक काम राहिलंय. पासबुकावर दुसऱ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, त्यासाठी दोघी मंगळवारी येतील.

आपले नम्र,
फाईल लावून देणारे