मिक्सरची तार लॅपटॉपच्या माइकमध्ये नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

व्याख्यानमालांचे दिवस आले की गावोगावच्या वाचनालयांत ‘या वर्षी सगळी भाषणे ध्वनिमुद्रित करून ठेवायची’ असे ठरते आणि मालिका संपल्यावर हाती येते ते बहुधा फाटलेल्या आवाजाचे, घूं असा गुणगुणाट भरलेले मुद्रण. दोष लॅपटॉपला नाहीतर स्पीकरवाल्याला दिला जातो. आमच्या वाचनालयात हे काम मी हौसेने पाहतो आणि दोन-तीन मोसम वाया घालवल्यावर माझ्या लक्षात आले की चूक बहुतेक वेळा मिक्सर (सगळ्या माइकचे आवाज एकत्र करून स्पीकरकडे पाठवणारे यंत्र) आणि संगणक यांच्यामधल्या तारेत असते.

मिक्सरच्या मुख्य आउटपुटमधून येणारा संकेत साधारण १.२ व्होल्टचा असतो, तर लॅपटॉपचे माइकचे सॉकेट काही मिलिव्होल्टच्या संकेतासाठी केलेले असते. म्हणजे आपण त्यात शेकडो पट जोराचा आवाज ओततो. मग तो कमी करावा म्हणून मिक्सरचा मुख्य फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकती खुंटी) खाली घेतला, तर त्याच आउटपुटवर चालणारे सभागृहातले स्पीकर मंदावतात आणि मागच्या रांगेतून ‘आवाज, आवाज!’ सुरू होते. शिवाय ते सॉकेट बहुधा मोनो, म्हणजे डावी-उजवी बाजू वेगळी न घेणारे, असते. लहान मिक्सरवर ‘टेप’ किंवा ‘रेक’ (रेकॉर्डिंग) असे लिहिलेली आरसीए सॉकेटे (डीव्हीडी प्लेअरला असतात तशी गोल) याच कामासाठी दिलेली असतात. त्यांतून येणारा संकेत साधारण ०.३ व्होल्टचा असतो आणि डेस्कटॉपच्या मागील निळ्या लाइन-इनमध्ये (दुसऱ्या यंत्राचा आवाज आत घेण्याच्या सॉकेटमध्ये) तो नीट बसतो. लॅपटॉपला लाइन-इन क्वचितच असते, म्हणून त्यासाठी लाइन-इन असलेले बाहेरचे यूएसबी साऊंड कार्ड घ्यावे. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या अंगठ्याएवढ्या यूएसबी कार्डांवर मात्र बहुधा पुन्हा माइकचेच सॉकेट असते. ते घेऊन पैसे वाया घालवू नयेत. (मी घालवले आहेत.)

दुसरी चूक अधिक फसवी आहे. मिक्सरच्या मुख्य आउटपुटची मोठी पिन पुष्कळदा बॅलन्स्ड असते, म्हणजे तिच्या दोन तारांतून एकच आवाज परस्परांच्या उलट वाहत असतो. ती साध्या स्टिरिओ केबलने लाइन-इनला जोडली की डाव्या बाजूला सुलटा आणि उजव्या बाजूला उलटा आवाज मुद्रित होतो. हेडफोनवर तो थोडा चमत्कारिक वाटतो इतकेच. पण एकाच स्पीकरच्या फोनवर दोन्ही बाजू एकत्र झाल्या की एकमेकींना खोडून टाकतात. एक अख्खे कीर्तन मी असे मुद्रित केले आणि बुवांचा फोन आला की यात काहीच ऐकू येत नाही. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक बाजू उलटी करून ते वाचवता आले, हे नशीब.

गुणगुणाटाचे कारण बहुधा लॅपटॉपचा अडॅप्टर आणि मिक्सर यांच्या अर्थिंगमध्ये तयार होणारा फेरा असते. आपल्याकडे त्याचा मूळ सूर ५० हर्ट्‌झचा. दोन्हींची वीज एकाच बोर्डावरून घ्यावी, लॅपटॉप बॅटरीवर चालवावा आणि एवढ्याने भागले नाही तर केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज पुढे जाऊ देऊन दोन यंत्रांमधला थेट विद्युत-संबंध तोडणारा) घालावा. अर्थची पिन काढून टाकण्याचा उपाय काही जण सर्रास करतात. त्याने गुणगुण थांबते खरी, पण माइक हातात धरलेल्या वक्त्याला शॉक बसण्याचा धोका ओढवतो.

संगीताच्या कार्यक्रमात आणखी एक पेच असतो. लहान सभागृहात तबला मुळातच मोठा ऐकू येतो, म्हणून स्पीकरवाला त्याचा माइक जेमतेम उघडतो आणि मुख्य आउटपुटवरून घेतलेल्या मुद्रणात गायक एकटाच गात असल्यासारखे वाटते. यासाठी मिक्सरच्या ‘ऑक्स’ या जादा आउटपुटवरून, फेडरच्या आधी घेतलेला वेगळा मेळ मुद्रणाला द्यावा. स्पीकरवाल्याला हे आधी सांगितले तर तो आनंदाने करतो. ऐन कार्यक्रमात सांगितले तर त्याची कुरकुर रास्तच असते.

संगणकावर आवाजाची पट्टी शून्यापासून बारा डेसिबल खाली राहील एवढीच पातळी ठेवावी, माइक बूस्ट आणि गोंगाट कमी करणाऱ्या आपोआप सोयी बंद कराव्यात आणि वक्ता येण्यापूर्वी पाच मिनिटे मुद्रित करून ती साध्या फोनच्या स्पीकरवर ऐकावीत.

आपला,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता